सौर मीटरची जोडणी आणि शेतकरी कुटुंबाचा वीज कारभार

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात 2016 च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचन सहकारी मंडळी स्थापन केली. पंप चालवून उरलेली वीज प्रतियुनिट 4 रुपये 63 पैसे दराने 25 वर्षे विकत घेण्याचा करार तेथील वीज वितरण कंपनीने मंडळीशी केला. उपसलेल्या पाण्याबरोबरच विकलेल्या विजेलाही मोल आले आणि पंप किती वेळ चालवावा याचा विचार शेतकरी मीटरचा आकडा पाहून करू लागला.

आज हाच विचार घराच्या छपराशी येऊन पोहोचला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट 1 कोटी घरांचे असून 3 किलोवॅट संचासाठी केंद्राकडून 78,000 रुपये अनुदान मिळते. मात्र दुपारी तयार झालेली वीज घरात वापरली गेली की बाहेर गेली, हे बहुतेक कुटुंबांना महिनाअखेरीस बिलातूनच कळते. ऊर्जा मीटर स्मार्ट होम हबला, म्हणजे घरातील उपकरणांची माहिती व नियंत्रण एकत्र आणणाऱ्या लहान संगणकाला, जोडल्यास ते त्याच क्षणी कळते.

तीन आकड्यांचा हिशेब

हबला उत्पादन, आयात आणि निर्यात असे तीन आकडे हवेत. घरातील एकूण वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. निरभ्र दिवशी 3 किलोवॅटच्या संचातून साधारण 12 युनिट मिळतात. त्या दिवशी आयात 6 आणि निर्यात 8 युनिट असेल, तर वापर 10 युनिट झाला. परंतु घरच्या उत्पादनापैकी केवळ 4 युनिट घरात खर्ची पडले. संध्याकाळचा 3 युनिटचा वापर दुपारी वळवला, तर आयात 3 आणि निर्यात 5 वर येते. एकूण वापर तोच राहतो.

निर्यात केलेले युनिट आयातीतून पूर्ण वजा होत असतील, तर या बदलाने बिलात फारसा फरक पडत नाही. निर्यातीला खरेदीपेक्षा कमी दर मिळत असेल, तर वळवलेल्या प्रत्येक युनिटमागे दरातील फरकाइतकी बचत होते. 2023 मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांत स्मार्ट मीटर बसल्यावर सौर तासांना कमी आणि मागणीच्या कमाल वेळेला जास्त दर आकारण्याची तरतूद आहे. कृषी ग्राहक त्यातून वगळलेले आहेत. म्हणून आपल्या राज्यातील दर आणि नियम प्रथम तपासावेत.

जोडणी कशी करावी

वितरण कंपनीचे मीटर मोहोरबंद असते. ते उघडू नये. कंपनीच्या मीटरनंतर, घराच्या बाजूस, परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र द्विदिशा मीटर बसवून घ्यावे. आयात व निर्यात त्यावरून मिळते. उत्पादनाचा आकडा इन्व्हर्टरमधून किंवा त्याच्या वाहिनीवरील दुसऱ्या मीटरमधून घेता येतो.

आरएस-485 सुविधा असलेली मीटर ‘मॉडबस’ या संदेशपद्धतीने बोलतात. पीळ दिलेल्या दोन तारांवरून ही नोंद योग्य मांडणीत सुमारे 1,200 मीटरपर्यंत नेता येते. त्यामुळे गोठ्यावरचे मीटरही घरातील हबला जोडता येते. एकाच तारेवरील प्रत्येक मीटरला 1 ते 247 मधील वेगळा क्रमांक द्यावा आणि सर्वांचा संदेशवेग सारखा ठेवावा. हब म्हणून रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली वापरता येते. ऑगस्ट 2021 पासून तिच्यात ऊर्जेचा स्वतंत्र फलक आहे. या फलकाला केवळ त्या क्षणाचे किलोवॅट पुरत नाहीत. वाढत जाणारे एकूण युनिट द्यावे लागतात. नवख्यांची चूक बहुधा येथेच होते.

आकड्यांची पडताळणी

तारेभोवती बसणारी, प्रवाह मोजणारी कडी, म्हणजे सीटी, उलट बसली तर आयात ही निर्यात म्हणून नोंदली जाते. याची कसोटी सोपी आहे. बॅटरी नसलेल्या घरात रात्री उत्पादन आणि निर्यात दोन्ही शून्य असले पाहिजेत. रात्री निर्यात दिसली, तर सीटीची दिशा तपासून घ्यावी. तीन फेजच्या जोडणीत प्रत्येक सीटी आपापल्याच फेजवर आहे याचीही खात्री करावी. त्यानंतर सात दिवस ठरावीक वेळी कंपनीच्या मीटरचे वाचन वहीत टिपून हबच्या नोंदीशी ताडून पाहावे. ते जुळेपर्यंत हबच्या आकड्यांवर कोणताही निर्णय सोपवू नये.

कोणते काम दुपारी न्यावे

टाकी भरणारा पंप, पाणी तापवणारा गिझर आणि पिठाची घरगुती चक्की ही दुपारी नेण्याजोगी कामे आहेत. निर्यात सलग दहा मिनिटे पंपाच्या गरजेपेक्षा जास्त राहिली, तरच पंप सुरू करावा, असा नियम हबला देता येतो. त्यामुळे ढग येताच पंप वारंवार सुरू-बंद होत नाही. मोटार साध्या स्मार्ट प्लगवर चालवू नये. हबने केवळ कॉन्टॅक्टरला आज्ञा द्यावी. अतिभार आणि कोरड्या चालण्यापासूनचे संरक्षण पंपाच्या पेटीतच असावे.

कडबाकुट्टी यंत्र आणि चक्की आपोआप सुरू होणाऱ्या यादीत कधीही ठेवू नयेत. चारा सारणाऱ्याचा हात पात्याजवळ असताना यंत्र सुरू झाले, तर वाचवलेल्या युनिटची किंमत भयंकर ठरेल. अशा यंत्रांसाठी हबने फक्त ‘वीज शिल्लक आहे’ अशी सूचना द्यावी. खटका माणसानेच दाबावा. तसेच घरगुती जोडणीवरील वीज कृषी जोडणीच्या पंपाला परस्पर देऊ नये. दोन्हींची वर्गवारी वेगळी आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ग्रीडशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच भारनियमनात ऊन असूनही बंद पडतो. हे कुटुंबाला आधीच सांगावे आणि हबला लहान बॅटरीचा आधार द्यावा. नोंदी घरातच साठवल्यास इंटरनेट खंडित झाले तरी काम अडत नाही. कारखान्याने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

निरभ्र दिवसांतील दुपारचे उत्पादन आठवड्यागणिक ताडून पाहिल्यास पॅनेलवरील धूळ, नव्याने पडणारी झाडाची सावली किंवा निकामी झालेली रांग लवकर लक्षात येते. बिलाची वाट पाहिली असती, तर हेच कळायला महिना गेला असता. प्रात्यक्षिकासाठी गावातील एकच घर निवडून तिथल्या भिंतीवर तीन आकड्यांचा तक्ता महिनाभर लावावा. सुरुवात पंपापासून करावी. त्याचा हिशेब कुटुंबाला उमगला की पुढची कामे ते स्वतःच दुपारी नेऊ लागेल.