कोष्टकातील घरांचे पत्ते

संगणकातील छायाचित्र म्हणजे वस्तुतः ओळी आणि स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांचे एक विस्तीर्ण कोष्टक होय; आणि अशा कोष्टकातील एखाद्या घरी कोणती संख्या वसते याइतकेच, किंबहुना कित्येक प्रसंगी त्याहून अधिक, महत्त्व ते घर कोठे आहे याला असते. गावच्या दफ्तरात जमिनीच्या प्रत्येक तुकड्यास जसा सर्व्हे नंबर, तसाच येथे प्रत्येक घरास ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक असतो. आणि या क्रमांकांचीच स्वतंत्र कोष्टके तयार करून घेण्याची तजवीज पायथॉन भाषेतील ‘नमपाय’ या ग्रंथालयात, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ती ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या परिश्रमाने २००६ साली प्रसिद्ध झाली, फार नेटकेपणाने केलेली आहे.

तीन ओळी आणि चार स्तंभ असा आकार ‘इंडिसेस’ या आज्ञेस सांगितला, की दोन कोष्टके हाती येतात: पहिल्याच्या ओळींत अनुक्रमे चार शून्ये, चार एक आणि चार दोन, दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीत ०, १, २, ३. ही दोन्ही एकावर एक ठेवली म्हणजे प्रत्येक घराचा संपूर्ण पत्ता मिळतो. मग चित्रातील एखादे वर्तुळ निवडण्यासाठी घरोघर फिरण्याचे प्रयोजन उरत नाही. दोन्ही कोष्टकांतून केंद्राचे क्रमांक वजा करावेत, वर्ग करून बेरीज घ्यावी, आणि जेथे ती त्रिज्येच्या वर्गाहून अधिक नाही ती घरे एका दमात वेगळी काढावीत.

परंतु या सुखसोयीची किंमत स्मृतीच्या रूपाने मोजावी लागते. दहा हजार ओळी आणि तितकेच स्तंभ असल्यास, प्रत्येक क्रमांकास ८ बाइट धरून, दोन कोष्टके मिळून १६० कोटी बाइट व्यापतात. त्याऐवजी त्याच ग्रंथालयातील ‘ओग्रिड’ केवळ एक उभी आणि एक आडवी पट्टी देते, ज्यांचा हिशेब अवघ्या १ लाख ६० हजार बाइटांत आटोपतो. बेरजेच्या वेळी पट्ट्यांचा विस्तार आपोआप होतो.

आणखी एक दक्षता अगत्याची आहे. अशीच कोष्टके देणारी ‘मेशग्रिड’ ही आज्ञा, वेगळे सांगितल्याखेरीज, आडवा अक्ष प्रथम मानते, आणि त्यामुळे क्रम उलटतो. कोष्टक चौरस असेल तर ही चूक बिनबोभाट खपून जाते व उत्तर मात्र आडवे-उभे पालटलेले निघते. म्हणून नवशिक्याने आपली आज्ञावली प्रथम असमान बाजूंच्या लहानशा कोष्टकावरच पारखून घ्यावी, हे श्रेयस्कर.