बडोदा : उमेदवारीचे दहा दिवस
भाजपने 13 मार्च 2024 रोजी बडोद्यातून रंजनबेन भट्ट यांना तिसऱ्यांदा लोकसभेची उमेदवारी दिली आणि पक्षाच्या घरातच वाद पेटला. माजी महापौर ज्योतीबेन पंड्या यांनी उघड विरोध केला, त्यांना निलंबित करण्यात आले. मोदींशी वैर नाही, पण रंजनबेन नकोत, अशा आशयाचे फलक शहरात झळकले. सावलीचे आमदार केतन इनामदार यांनी 19 मार्चला राजीनामा दिला, त्याच दिवशी मागेही घेतला.

रंजनबेन काही काठावर निवडून आलेल्या नव्हत्या. मोदींनी 2014 मध्ये बडोदा सोडून वाराणसी राखल्यावर पोटनिवडणुकीत त्या प्रथम लोकसभेत गेल्या. 2019 मध्ये मताधिक्य 5,89,177 होते. म्हणूनच हा वाद महत्त्वाचा वाटतो. मते पक्षाची की उमेदवाराची, हा प्रश्न खुद्द समर्थकांनीच विचारला.

23 मार्चला वैयक्तिक कारण देऊन त्यांनी माघार घेतली. अर्ज भरण्यास 12 एप्रिलपासून सुरुवात होणार होती, त्यामुळे उमेदवार बदलताना कायद्याची अडचण नव्हती. तिकीट 33 वर्षांच्या डॉ. हेमांग जोशींना मिळाले. 7 मे रोजी मतदान झाले आणि ते 5,82,126 मतांनी जिंकले. नाव बदलले, मताधिक्य जवळपास तेवढेच राहिले.

इथले मताधिक्य मात्र नेहमीच एवढे मोठे नव्हते: याच मतदारसंघात 1996 मध्ये काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड अवघ्या 17 मतांनी निवडून आले होते.