अंगठ्याचा धडा

पांची बोटें सारखीं नसतात ही म्हण आपल्या घराघरांत आहे. परंतु तिचा उपयोग बहुधा एखाद्या मुलाचें उणें झांकण्यासाठींच होतो. थोरला गणितांत पुढें गेला आणि धाकटा मागें राहिला, म्हणजे घरांतील वडील माणसें सुस्कारा टाकून ती उच्चारतात. एकत्र कुटुंबांत सख्खीं-चुलत भावंडें एका पंगतीस बसतात, त्यांचीं प्रगतिपुस्तकें एकाच सुमारास घरीं येतात, आणि तुलना ही ताटांतील मिठासारखी रोजचीच होऊन बसते. वेगळेपण म्हणजे कमीपणा नव्हे, हें अशा मुलांस कसें पटवावें? त्याचें एक साधन आम्हांस त्याच बोटांच्या टोकांवर दिसतें.

बोटांवरील चक्रें आणि शंख मोजण्याचा खेळ आपल्या मुलांस नवा नाहीं. या रेघांस सरकारी व्यवहारांत स्थान मिळालें तेंहि आपल्याच देशांत. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या ठेकेदाराच्या हाताचा ठसा कराराच्या कागदावर घेतला. पुढें १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ती जगांतील पहिली मानली जाते. हजारों ठशांतून हवा तो नेमका कसा काढावयाचा, हा प्रश्न सोडविण्यांत तेथील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वांटा फार मोठा होता. दहा बोटांपैकीं कोणत्या बोटांवर चक्र आहे हें पाहून त्यांच्या रीतीनें ठशांचे १०२४ वर्ग पाडतां येत. पद्धतीस नांव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें लागलें.

या रीतींतच एक मर्म आहे. १०२४ खणांपैकीं योग्य खण सांपडला म्हणजे काम अर्धेंच झालें. त्या खणांतील सारे ठसे एका वर्गाचे, तरी प्रत्येक निराळा. रेघ कोठें फुटते, कोठें संपते, कोठें दोन रेघा एकत्र होतात, हें भिंगानें पाहिल्यावांचून माणूस ओळखतां येत नाहीं. आपण मुलांस ‘हुशार’, ‘ढ’, ‘अबोल’, ‘व्रात्य’ अशा चार खणांत घालतों आणि तेथेंच थांबतों. वास्तविक मुलाची ओळख खण सांपडल्यानंतर सुरू व्हावयाची असते.

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचीं उदाहरणें याहून बोलकीं आहेत. त्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ एकच असतो. तरी त्यांचे ठसे एकमेकांशीं जुळत नाहींत. या रेघा गर्भावस्थेच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत उमटतात, आणि त्या वेळीं बोटांवर येणाऱ्या बारीकसारीक दाबानें त्यांचें वळण बदलतें. जेथें निसर्गानें जुळ्यांसहि दोन ठसे दिले, तेथें भावाभावांनीं एकसारखें असावें हा आग्रह आपण कां धरावा?

शिक्षकांनीं व पालकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. कागदावर शिसपेन्सिल दाट घांसावी, त्यावर अंगठा फिरवावा, पारदर्शक चिकटपट्टीनें ठसा उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवावा. नांवें न लिहितां सारे ठसे मिसळावे व प्रत्येकास आपला शोधण्यास सांगावें. मग चक्र, शंख आणि कमान असे तीन गट करावे. शंखांचा गट बहुधा सर्वांत मोठा होतो. शेवटीं मुलांस विचारावें : यांतील कोणता ठसा पहिल्या नंबरच्या मुलाचा? कोणता मुलीचा? कोणता श्रीमंताचा? कोणत्या जातीचा? मुलें बराच वेळ पाहतील आणि गप्प होतील. ती शांतता हाच खरा पाठ होय.

हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यासहि पडला होता. माणसांची प्रतवारी अनुवंशावरून करतां येते असें मानणारा हा इंग्रज पंडित. त्यानें निरनिराळ्या वंशांचे, विद्यार्थ्यांचे आणि मजुरांचे ठसे तपासले. पण वंश किंवा बुद्धि सांगणारें खास चिन्ह त्यास मिळालें नाहीं, आणि १८९२ सालच्या आपल्या ग्रंथांत तें त्यानें नमूद केलें. असें असतां आज मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांची बुद्धि व योग्य विद्याशाखा सांगणाऱ्या चाचण्या पैसे घेऊन केल्या जातात. त्यांस शास्त्रीय आधार नाहीं. सुज्ञ पालकांनीं त्यांपासून दूर राहावें. ठसा ‘हा कोण’ एवढेंच सांगतो. ‘हा कसा’ हें सांगत नाहीं. तें जाणण्यास मुलाजवळ बसावें लागतें.

ज्यास सही करतां येत नाहीं त्यास आपण हंसून अंगठेबहाद्दर म्हणतों. परंतु घरीं भांडीं घांसणाऱ्या बाईंचा अंगठा न्यायाधीशाच्या अंगठ्याइतकाच एकमेव आहे. हें ज्या मुलास लहानपणीं कळेल, तें दुसऱ्यास हिणवणार नाहीं आणि स्वतःसहि हलकें लेखणार नाहीं. परीक्षेंत या गोष्टीस गुण नाहींत. म्हणूनच ती घरीं शिकविली पाहिजे.