घोडा उचलणाऱ्या मुलीची धास्ती

1941 सालच्या हिवाळ्यात स्टॉकहोममधली करीन नावाची लहान मुलगी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. आईने गोष्ट सांगावी म्हणून तिने हट्ट धरला. कुणाची सांगू, असं आईने विचारल्यावर करीनने तिथल्या तिथे एक नाव रचलं. स्वीडिश भाषेतलं ते नाव पुढे जगभर ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’ म्हणून ओळखलं गेलं. नावच इतकं अजब, की त्या नावाची मुलगी साधीसुधी असणं शक्य नव्हतं. आई रोज थोडी थोडी गोष्ट सांगत गेली, करीन बरी झाली, आणि पिप्पी त्या घरातच राहिली.

ही आई म्हणजे ॲस्ट्रिड लिंडग्रेन. 1944 मध्ये बर्फावरून घसरून त्यांचा पाय मुरगळला आणि सक्तीने पडून राहावं लागलं. लघुलिपी येत होतीच. त्यांनी पडल्या पडल्या पिप्पीच्या गोष्टी उतरवून काढल्या आणि त्याची वही करीनच्या दहाव्या वाढदिवसाला भेट दिली. एक प्रत स्वीडनमधल्या बोनियर या मोठ्या प्रकाशनसंस्थेला पाठवली. सोबतच्या पत्रात, हे वाचून तुम्ही बालकल्याण समितीला कळवणार नाही अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी गमतीने लिहिलं होतं. बोनियरने हस्तलिखित परत केलं. लिंडग्रेन यांनी ते थोडं सौम्य करून पुढच्या वर्षी राबेन अँड श्यॉग्रेन या लहानशा प्रकाशनसंस्थेच्या स्पर्धेत उतरवलं. पहिलं बक्षीस मिळालं आणि 1945 मध्ये पुस्तक बाजारात आलं. त्यासाठी इंग्रिड व्हांग न्यूमन यांनी काढलेली चित्रं आजही पिप्पीची खरी ओळख मानली जातात.

पिप्पी नऊ वर्षांची आहे. लाल केसांच्या दोन वेण्या दोन बाजूंना ताठ उभ्या, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके, एक मोजा तपकिरी तर दुसरा काळा, पावलांच्या दुप्पट लांबीचे बूट. आई देवाघरी गेलेली, वडील दूर समुद्रावर. एका जुनाट घरात ती घोडा आणि माकड घेऊन एकटी राहते. अंगात एवढी ताकद की घोड्याला दोन्ही हातांनी उचलून ती व्हरांड्यातून खाली ठेवते. अनाथाश्रमात न्यायला आलेल्या पोलिसांना ती छपरावर पळवते आणि शेवटी उचलून फाटकाबाहेर ठेवून येते. शाळेत जायचं तिला सुचतं, त्याचं कारणही तिच्यापुरतं अगदी बरोबर आहे: शाळेत गेल्याशिवाय सुट्टी कशी मिळणार? वर्गात बाई बेरीज विचारतात, तेव्हा हिला नवल वाटतं. उत्तर यांनाच ठाऊक असेल तर त्या मला का विचारतायत?

मुलांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. मोठ्यांमध्ये मात्र चलबिचल सुरू झाली. 1946 मध्ये लुंड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लांडक्विस्ट यांनी वर्तमानपत्रात कडक टीका केली. कुठलंही धडधाकट मूल चारचौघांत अख्खा केक एकटं फस्त करत नाही किंवा साखर सांडून तिच्यावरून अनवाणी चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे फ्रेंच अनुवाद झाला, त्यात बरंच काही गाळलं गेलं आणि पिप्पीच्या घोड्याचं चक्क तट्टू करण्यात आलं. युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या फ्रेंच मुलांना घोडा उचलणारी मुलगी खरी वाटणार नाही, असा प्रकाशकांचा युक्तिवाद होता. त्यावर लिंडग्रेन यांनी त्यांच्याकडे तट्टू उचलणाऱ्या एखाद्या फ्रेंच मुलीचा फोटो मागितला. पुरा आणि मूळ बरहुकूम फ्रेंच अनुवाद यायला 1995 साल उजाडावं लागलं.

पिप्पी क्रूर नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. लहान मुलाला छळणाऱ्या दांडगटांना ती झाडाला टांगते, चोरांना नाचायला लावून पहाटे सोन्याचं नाणं देऊन वाटेला लावते, आगीत अडकलेल्या मुलांना वाचवते. तिच्याकडे कुणापेक्षाही जास्त बळ आहे आणि ते ती दुबळ्यांवर कधीच वापरत नाही. लिंडग्रेन यांचा सगळा विचार या एका पात्रात सामावलेला आहे. 1978 मध्ये जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार स्वीकारताना त्यांनी फ्रँकफर्टला जे भाषण केलं, ते मुलांवर हात उगारण्याच्या विरोधातलं होतं. 1979 मध्ये स्वीडनने घरातल्या मारझोडीवरही कायद्याने बंदी घातली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश.

मग मोठ्या माणसांना धास्ती कशाची होती? मुलग्यांच्या खोड्या त्याही काळात कौतुकाने छापल्या जात होत्या. बेचैन करणारी गोष्ट ही होती की ही मुलगी खोडी करून नंतर रडत नाही, माफी मागत नाही आणि शेवटच्या पानावर शहाणी, शालीन होत नाही. मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकांना तोपर्यंत एक ठरलेली वाट होती. अवखळ मुलगी पहिल्या प्रकरणात कितीही बागडली तरी शेवटाला पोचेपर्यंत तिच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असत.

याचं सर्वांत नामांकित आणि सर्वांत चटका लावणारं उदाहरण म्हणजे लुइसा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’. 1868 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनाचे टॉमस नाइल्स यांनी अल्कॉट यांना मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. अल्कॉट यांना त्यात रस नव्हता, मुली म्हणून त्यांना जवळून माहीत होत्या त्या स्वतःच्या बहिणीच. पण घराला पैशांची गरज होती. त्यांनी झपाट्याने पहिला भाग लिहून दिला. 2,000 प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली आणि वाचकांची पत्रं येऊ लागली. बहुतेक पत्रांत एकच विचारणा: जोचं लग्न कुणाशी?

जो मार्च ही चार बहिणींमधली दुसरी. उंच, धसमुसळी, माळ्यावर बसून शाई सांडत कथा लिहिणारी. आजारी वडिलांकडे जायला आईला पैसे हवेत म्हणून ती स्वतःचे लांबसडक केस विकून येते. वाचकांना तिचं लग्न शेजारच्या लॉरीशी व्हायला हवं होतं. अल्कॉट यांच्या मनात तिने लग्न न करता लेखिका म्हणूनच राहावं असं होतं; त्या स्वतः तशाच राहिल्या. 1869 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्यांनी जोला लॉरीला नकार द्यायला लावला खरा, पण वाचकांच्या रेट्यापुढे तिच्यासाठी वयाने बराच मोठा असलेला एक प्रेमळ जर्मन प्राध्यापक शोधून काढला. दीडशे वर्षं झाली तरी वाचक या लग्नावर भांडतात. जोच्या वाट्याला आलेला हा शेवट तिच्या स्वभावातून उगवलेला नाही, तो बाहेरून लादलेला आहे, हे बारा वर्षांच्या मुलीलाही जाणवतं.

मराठी वाचकांना ही जो शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मधून भेटली. कितीतरी घरांत या अनुवादाची पारायणं झाली आहेत. न्यू इंग्लंडमधला बर्फ, तिथली फायरप्लेस, तिथले नाताळचे बेत हे सगळं परकं असूनही पुण्या-कोल्हापुरातल्या मुलींना जो आपली वाटली, यात शान्ताबाईंच्या मराठीचा वाटा मोठा आहे. लिहिणारी मुलगी हीसुद्धा गोष्टीची नायिका असू शकते, हे अनेकींना त्या पुस्तकाने पहिल्यांदा दाखवलं.

रोआल्ड डाल यांच्या ‘मटिल्डा’ची गोष्ट उलट दिशेने घडली. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मटिल्डा आहे ती पाच वर्षांची, एकटीने वाचनालयात जाऊन डिकन्स वाचणारी, मनातल्या मनात मोठाले गुणाकार करणारी. वडील जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरून त्या लोकांच्या गळ्यात मारतात, आणि मुलगी वाचते म्हणून तिच्यावर खेकसतात. पण डाल यांच्या पहिल्या खर्ड्यातली मटिल्डा अशी नव्हतीच. ती दुष्ट होती, आईवडिलांना छळणारी होती आणि शेवटी मरत होती. संपादक स्टीफन रॉक्सबर्ग यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर डाल यांनी जवळजवळ सगळं पुस्तक नव्याने लिहिलं. खट्याळपणा राहिला, पण त्याला आता कारण मिळालं. घरातल्या आणि शाळेतल्या जुलमाला ती डोक्याने उत्तर देते. हुशार मुलीला आधी खलनायिका ठरवून मग तिचा जीव घेणारं पुस्तक आपल्या हाती आलं असतं, ते एका चांगल्या संपादकामुळे टळलं.

‘मटिल्डा’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी पिप्पीला मिळाली नव्हती: ऐकून घेणारं मोठं माणूस. मिस हनी या शिक्षिका मटिल्डाला पहिल्याच दिवशी ओळखतात, मुख्याध्यापिकेकडे आणि आईवडिलांकडे तिच्यासाठी खेटे घालतात. तेजस्वी मुलींच्या पुस्तकांतलं हे दुसरं पात्र नेहमी दुर्लक्षित राहतं.

त्याचं खरंखुरं, इतिहासातलं रूप पाहायचं तर ‘तोत्तोचान’कडे वळावं लागतं. जपानी अभिनेत्री तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणावर लिहिलेलं हे पुस्तक 1981 मध्ये आलं आणि जपानमध्ये त्याने विक्रीचे विक्रम मोडले. पहिलीतल्या तोत्तोचानला शाळेने काढून टाकलं होतं. गुन्हे काय? डेस्कचं झाकण सारखं उघडायचं आणि आपटायचं, खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायच्या, घरटं बांधणाऱ्या पाखरांशी बोलायचं. आईने तिला तोमोए या नव्या शाळेत नेलं. वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी ती शाळा. मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी यांनी खुर्ची ओढली आणि तिला हवं ते बोलायला सांगितलं. ती चार तास बोलत होती आणि ते चार तास ऐकत होते. आधीच्या शाळेने काढून टाकलं होतं, हे आईने तिला ती वीस वर्षांची होईपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळून गेली. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या परवडणाऱ्या आवृत्तीमुळे हे पुस्तक महाराष्ट्रात खेडोपाडीच्या शिक्षकांपर्यंत पोचलं. शिक्षकांनी ते जितकं वाचलं, तितकंच ते मुलींच्या हातातही जायला हवं.

या सगळ्याजणींना एक सवलत मात्र आहे. पिप्पीजवळ सोन्याच्या नाण्यांनी भरलेली बॅग आहे, तोत्तोचानला सुखवस्तू घर आहे. महाश्वेता देवींच्या ‘द व्हाय-व्हाय गर्ल’मधल्या मोयनाकडे यातलं काहीच नाही. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने काढलेलं, कन्यिका किणी यांच्या चित्रांचं हे छोटंसं पुस्तक. मोयना शबर जमातीची, बाबूंची गुरं-बकऱ्या राखणारी. तिचे प्रश्न संपत नाहीत. नदीवरून एवढं पाणी मीच का आणायचं? उष्टं-उरलेलं मी का खायचं? पाड्यावर शाळा आहे, पण ती बकऱ्या चारायच्या वेळेत भरते, तेव्हा शाळेची वेळच का बदलू नये? महाश्वेता देवींनी शबरांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं होतं, म्हणून मोयनाच्या तोंडचा एकही प्रश्न उसना वाटत नाही. ती पुढे शिकते आणि शिकवायलाही लागते. पिप्पीचा वर्गातला प्रश्न हसवतो. मोयनाचा प्रश्न गावाचं वेळापत्रक हलवतो, आणि म्हणूनच या यादीत तिचं स्थान कदाचित सर्वांत वरचं आहे.

मराठीत काय आहे? अनुवाद-रूपांतरांची परंपरा भक्कम आहे. लुइस कॅरॉल यांची अ‍ॅलिस भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’त मराठी फ्रॉक घालून आणली. ना. धों. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ लिहिली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या चित्रपुस्तकांच्या संचात चिमुरडी राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख स्वतःच्या नजरेतून करून देते. तिला उपदेशाचा एक घोटही पाजलेला नाही, हे पुरंदरे यांचं मोठं देणं. पण मराठी माणसाला बालसाहित्यातली लाडकी पात्रं विचारा. गोट्या, फुरसुंगीचा फास्टर फेणे, बोक्या सातबंडे ही नावं आधी येतील. तिघेही गुणी, तिघेही मुलगे, आणि तिघांनाही पुढे पडद्यावर जागा मिळाली. सायकल दामटत चोरांचा माग काढणारी, पिढ्यान् पिढ्या ओठांवर राहिलेली मराठी मुलगी त्यांच्या शेजारी उभी नाही. ही उणीव मोठी आहे.

सामग्रीची वाण नाही. 1855 मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाला तिने थेट जाब विचारला होता. शाळकरी वयात असा प्रश्न मांडणाऱ्या मुलीची, तिच्या वर्गाची, तिच्या गल्लीची गोष्ट मुलांसाठी रंगवून लिहायला एखाद्या ताकदीच्या लेखणीची गरज आहे. ऊसतोड कामगारांबरोबर दरवर्षी गाव सोडणारी मुलगी, मालवणात बोटीवर वाढणारी, गडचिरोलीतून नाशिकच्या वसतिगृहात आलेली मुलगीही अजून आपल्या लेखकाची वाट पाहतेय. लेखकांनी हा विषय हाती घ्यावा आणि प्रकाशकांनी त्याला चांगली चित्रं, चांगला कागद द्यावा.

पालकांसाठी एक विनंती. ही पुस्तकं घ्याल तेव्हा ती फक्त लेकींसाठी घेऊ नका. पिप्पी, जो, मटिल्डा, तोत्तोचान आणि मोयना मुलग्यांनीही वाचायला हव्यात, आणि सहावी-सातवीपर्यंत थांबायची गरज नाही. वाचता येत नसेल त्या वयात रात्री झोपताना मोठ्याने वाचून दाखवा.