बिल माझ्या नावाने फाडा, चाचा

लग्नसराई जवळ आली की नागपूरच्या गांधीबागेतील आणि इतवारीतील कापड दुकानांत एकच देखावा दिसतो. गादीवर दहा-बारा माणसे बसलेली असतात. मामू रंग सांगतात, फुफी भाव पाडते, अब्बा खिशाकडे बघत मान हलवतात आणि ज्या मुलीच्या अंगावर हे कपडे चढायचे ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असते. आम्ही दुकानदार तिच्याकडे बघतही नाही, कारण पैसे तिच्याकडे नसतात. थानावर थान उघडत जायचे, चहा पाजत राहायचे आणि संध्याकाळपर्यंत बस्ता बांधून द्यायचा, हा आमचा धंदा. माझ्या वालिदांनी असेच केले आणि तीस वर्षे मीही तेच करत आलो.

गेल्या ऑक्टोबरात, दसरा उलटल्यावर, मोमिनपुऱ्यातील माझ्या एका जुन्या दोस्ताची मुलगी दुकानात आली. सोबत फक्त अम्मी आणि खाला. मुलगी बी. कॉम. झालेली, एका सी. ए.च्या ऑफिसात हिशेब लिहिते. निकाह डिसेंबरात ठरला होता. गादीवर बसताच तिने पर्समधून शाळेची वही काढली. वहीत चार पाने होती, मांझा, मेहंदी, निकाह आणि वलिमा अशी. प्रत्येक पानावर लिहिलेले, की कार्यक्रम कुठे, दिवसा की रात्री, किती तास बसायचे, काय घालायचे, कापड किती मीटर, शिंपी कोण, कपडा हातात कधी येणार आणि पैसे कोण देणार. शेवटच्या रकान्यात अब्बांचे नाव होते आणि दोन ठिकाणी तिचे स्वतःचे.

खरे सांगतो, मला ते आवडले नाही. दोस्ताची पहिली मुलगी, एकतीस जोड्यांचा बस्ता होईल असा माझा अंदाज. तिच्या वहीत अकरा जोडे होते. मी म्हणालो, "बेटा, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "चाचा, एकतीस जोडे घातलेली एक तरी बाई तुम्ही बघितली आहे का?" (आमची बोलणी आमच्या नागपुरी हिंदुस्तानीत झाली, इथे मराठीत लिहितो.) मी गप्प बसलो, कारण मी बघितलेले मलाच माहीत होते. पेटीत आठ-दहा वर्षे घडी घालून ठेवलेला माल बायका आमच्याकडे घेऊन येतात. घडीवर कापड फाटलेले, नकली जर काळी पडलेली. चाचा, बदलून द्या म्हणतात. काय बदलून देणार?

जानेवारीत ती नवऱ्याला घेऊन मिठाई द्यायला आली आणि दोन तास बसली. तिचे लग्न देखणे झाले होते, मी स्वतः हजर होतो. गाजावाजा नव्हता, पण प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. मी तिला विचारले, "आता सांग, त्या वहीतले काय कामाला आले आणि काय नाही?" ती जे बोलली ते व्यापारी बंधूंनी आणि लग्नघरांनी ऐकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट हवामानाची. तिने कपडा निवडला तो फोटो बघून नाही, जागा बघून. निकाहचे जेवण खुल्या लॉनवर होते. डिसेंबरातील नागपूरची रात्र सर्वांना ठाऊक आहे, दहा वाजले की दात वाजू लागतात. म्हणून निकाहचा जोडा मखमलीचा, पूर्ण बाह्यांचा. हाच जोडा मे महिन्यात कोणी मागितला तर मी तो न देण्याचा सल्ला देईन. आपल्याकडचा पारा पंचेचाळिसाला भिडतो आणि पॉलिस्टरच्या मखमलीत दुल्हन भट्टीत बसल्यासारखी होते. पण उन्हाळ्यातही मखमल खपते, आणि आम्ही विकतो.

मखमल घेताना एक बारकावा असतो. तिला लव असते, एका दिशेला झुकलेली. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एक कळी गडद आणि शेजारची फिकट दिसते. म्हणून साध्या कापडापेक्षा ती जास्त लागते. शिंप्याला विचारल्याशिवाय मीटर ठरवू नये. या मुलीने शिंप्याच्या हातची चिठ्ठी आणली होती, पन्ह्यासकट. चव्वेचाळीस इंची पन्हा आणि छत्तीस इंची पन्हा यांत एका घागऱ्याला दीड मीटरचा फरक सहज पडतो. गिऱ्हाईक पन्हा विचारत नाही आणि आम्ही आपण होऊन सांगत नाही.

दुसरे, तिने एका रंगाचे सगळे कापड एकाच थानातून आणि एकाच दिवशी घेतले. "दुपट्ट्याचे नंतर बघू" म्हणणारी घरे नंतर हमखास रडतात, कारण रंगाचा पुढचा लॉट आला की छटा बदलते. तिने थान उचलून दुकानाबाहेर रस्त्यावर नेले आणि उन्हात बघितले. आमच्या दुकानातील दिवे कापड खुलवण्यासाठीच लावलेले असतात, हे काही गुपित नाही. अस्तराचे सुती कापड तिने आधी भिजवून, वाळवून मग शिवायला दिले. अस्तर आटले की वरचे कापड झोळ मारते, मग दहा हजारांच्या जोड्याची इज्जत ऐंशी रुपयांच्या अस्तरापायी जाते. माझे वालिद अस्तरासाठी एम्प्रेस मिलचा लठ्ठा देत असत. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. असो.

तिसरी गोष्ट सी. ए.च्या ऑफिसातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी. एस. टी.चे दर बदलले. २,५०० रुपयांपर्यंतच्या शिवलेल्या कपड्यावर ५ टक्के, त्यापुढे १८. न शिवलेल्या कापडावर ५ टक्केच, साडीही त्यातच. तिला बाजारात १२,००० चा तयार लेहंगा आवडला होता, करासकट तो १४,१६० ला पडत होता. तिने तशाच जातीचे ९,००० चे कापड घेतले, कर ४५०, शिलाई २,५००. एकूण ११,९५०, आणि जोडा अंगाबरोबर बसला. माझ्या शेजारच्या तयार कपड्यांच्या व्यापाऱ्यांना हे लिहिलेले रुचणार नाही, पण हिशेब हिशेब आहे.

वलिम्याच्या जोड्याने मात्र मला शरमिंदा केले. मी तिच्यापुढे सुरतेची चमकदार माया पसरून बसलो होतो आणि ती म्हणाली, "चाचा, कोसा दाखवा." करवतकाठीची कोशाची साडी, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी आणि आपले नागपूर, इथल्या मागांवर ती विणली जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे हे रेशीम. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आमच्या मोमिनपुऱ्यातील बुजुर्ग हातमागावर जगले, आणि त्याच मोहल्ल्याच्या मुलीला हातमागाचा माल मागावा लागला, तोही माझ्या दुकानात दोनच नग निघाले, मागच्या कपाटात. अस्सल आहे का म्हणून तिने पदराचे दोन धागे काढून जाळून बघितले. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. नकली असते तर वितळून मणी झाला असता. गिऱ्हाइकाने माझ्या गादीवर माझा माल जाळून बघण्याची ती पहिलीच वेळ. साडी तिने वलिम्याला नेसली आणि वलिम्यात सगळ्यात जास्त विचारणा त्याच साडीची झाली. शिवाय ती उद्याही नेसता येते. ईदला नेसणार असे ती म्हणाली.

चूक झाली नाही असे नाही. वहीत तिने सासरच्या बायकांचे मानाचे जोडे कमी करून टाकले होते. तिच्या मते तो फिजूल खर्च होता. लग्नाच्या चार दिवस आधी सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई रुसल्या आणि रात्री नऊ वाजता दोस्ताचा मला फोन आला, शटर उघड. सात जोडे घाईत, मिळेल त्या भावात गेले. ती हसत म्हणाली, "चाचा, मी सगळ्यांचे तास मोजले, पण मन मोजले नाही." तिचा नवरा बाजूला बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "मला एकदा विचारले असते तर मी सांगितले असते, ताई-अम्मी रुसतात." वहीत दुल्ह्याचा रकानाच नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ऑक्टोबरात सगळा माल निघाला, मी रिवाजाप्रमाणे कागदाच्या चिठ्ठीवर बेरीज मांडू लागलो. ती म्हणाली, "पक्के बिल द्या, आणि बिल माझ्या नावाने फाडा, चाचा." तिची अम्मी दचकली. खाला म्हणाली, "बद्शगुनी करू नकोस." माझाही हात थांबला. पन्नास हजारांच्या वर बिल गेले की गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता लिहिणे तसेही बंधनकारक आहे, पण आम्ही नेहमी बापाचे नाव लिहितो किंवा बिलाचे तुकडे पाडतो. मुलीचे नाव मी आयुष्यात लिहिले नव्हते.

माझा हात थांबण्याचे दुसरेही कारण होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बापाने माझ्याकडून मुलीचा मोठा बस्ता नेला होता, निम्मा उधारीवर. उधारी त्याने दोन वर्षांत पै-पै करून फेडली. पुढे मुलीचा तलाक झाला. सामान परत मागायला गेले तर सासरकडून उत्तर आले, कुठले सामान, काय दिले होते? तो बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुमच्याकडे लिहिलेले असेल. माझ्याकडे काय असणार? कच्ची चिठ्ठी त्याला दिलेली, ती त्याने हरवलेली, आणि उधारीची जुनी वही मी रद्दीत घातलेली. मी त्याला चहा पाजला. तो चहा त्याने अर्धा सोडला. पुढे तो माझ्या दुकानावरून जात राहिला, आत कधी आला नाही.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी गादीवर बसून सांगितले. मुलीने वहीचे शेवटचे पान उघडून दाखवले. तिथे लग्नात मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीसाठी रकाने आखलेले होते, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते. खाली दोन सह्यांची जागा. ही तिच्या डोक्यातली कल्पना नव्हे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली भेटवस्तूंच्या याद्यांचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू आहेत, त्यांत नेमकी अशीच यादी ठेवायला आणि तीवर दुल्हा-दुल्हन दोघांनी सही करायला सांगितले आहे. महर त्या कायद्यातून वगळलेला आहे, तो वेगळा हक्क. चाळीस वर्षे नियम आहे आणि मी एकही यादी बघितली नव्हती. तुम्ही बघितली आहे का?

पुढे १९८६ चा मुस्लिम महिला घटस्फोट हक्क संरक्षण कायदा आला. महर आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, दोस्तांनी, नवऱ्याने वा त्याच्या घरच्यांनी तिला दिलेली मालमत्ता घटस्फोटित स्त्रीला मिळाली पाहिजे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. कायदा आहे, पण दिले ते दाखवायचे कसे? २ डिसेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालमधील एका घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या बाजूने निकाल दिला. वाद होता लग्नात वडिलांनी दिलेल्या ७ लाख रुपयांचा आणि ३० भोरी सोन्याचा, आणि गुंता निकाहच्या रजिस्टरातील नोंदीचा, दिले ते नेमके कोणाला दिले. म्हणजे एवढे मोठे प्रकरण एका ओळीवर अडले. माझ्या दोस्ताच्या मुलीने बिल मागितले तेव्हा हा निकाल लागलेलाही नव्हता.

काही व्यापारी मित्रांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, लग्नाआधीच तलाकची तयारी कशाला? मी म्हणालो, दुकानाचा विमा काढतो तेव्हा आग लागावी म्हणून काढतो का? धंद्याचेही बघा. तिची खरेदी माझ्या अंदाजाच्या निम्मी झाली, पण पैसे त्याच दिवशी बँकेतून आले. एकतीस जोड्यांचा बस्ता उधारीत गेला असता आणि त्यातले शेवटचे पैसे पुढच्या सराईपर्यंत निघाले नसते. तोवर सुरत आणि बनारसच्या पेढ्यांना मी माझ्या खिशातून भरत बसलो असतो. रोखीचीही मर्यादा आहेच, एका लग्नासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून हा नियम आहे, आणि त्यासाठी तुकडे पाडलेली बिले तपासणीत पकडली जातात.

जानेवारीत ती उठताना नवऱ्याने खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. यादी होती, त्याची सही झालेली. त्याच्या घरून आलेले बरीचे जोडेही त्यात लिहिले होते. "हिने निकाहच्या दुसऱ्या दिवशी सही घेतली," तो म्हणाला, "मला वाटले महर माफ करायला सांगते की काय."

त्या दिवसापासून मी लग्नाच्या बस्त्याचे बिल करताना मुलीचे नाव विचारतो. मागच्या आठवड्यात कामठीचे एक गृहस्थ आले होते. मी नाव विचारले तर म्हणाले, माझेच लिहा. मी पेन हातात धरून बसून राहिलो. कोपऱ्यातून मुलीने हळू आवाजात आपले नाव सांगितले. बापाने तिच्याकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं, लिहा. स्पेलिंग तिलाच विचारा."