नवशिक्याच्या हाती किती ताकदीची मोटारसायकल?

मोटारसायकलची ताकद सीसीवरून ओळखण्याची सवय सर्वत्र आहे आणि पहिली गाडी घेताना चूक होते ती बहुधा इथेच. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरची घन सेंटिमीटरमध्ये मोजलेली जागा. तेवढ्या जागेतून शक्ती किती काढायची, हे इंजिनाच्या घडणीवर ठरते. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे आहे. २०१३ साली भारतात आलेल्या केटीएम ३९० ड्यूकचे होते ३७३ सीसीचे. फरक जेमतेम २४ सीसीचा, पण क्लासिक सुमारे २० अश्वशक्ती देते आणि ड्यूक सुमारे ४३. त्यात क्लासिकचे वजन १९५ किलो, तर ड्यूक तिच्यापेक्षा पुष्कळ हलकी. घरोघरी दिसणारी स्प्लेंडर ९७ सीसीची, ८ अश्वशक्तीची आणि ११२ किलोंची. ७० किलोंचा माणूस बसला की दर १०० किलोंमागे स्प्लेंडरकडे साधारण साडेचार अश्वशक्ती उरते, क्लासिककडे साडेसात आणि ड्यूककडे अठराच्या आसपास. नवशिक्याने पाहायचा आकडा हा आहे.

शक्ती किती आहे याइतकेच ती हाताला कशी मिळते हेही महत्त्वाचे. नवशिक्याचा उजवा हात अजून तयार झालेला नसतो. खड्ड्यात चाक आपटले किंवा कुत्रे आडवे आले की तो घाबरून मूठ आवळतो आणि शरीर मागे फेकले गेल्यामुळे तीच मूठ आणखी पिळली जाते. कमी ताकदीची गाडी अशा वेळी थोडी गुरगुरते आणि सावरायला क्षणभर अवसर देते. ताकदवान हलकी गाडी त्याच चुकीला हिसक्याने उत्तर देते, कधी पुढचे चाकही उचलते. दोन्हीकडे चूक एकच असते, परिणाम मात्र फार वेगळे होतात.

वेगाचा हिशेबही कठोर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते, १०० च्या वेगात सुमारे २८ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की त्यापुढे ब्रेक लावून थांबायला लागणारे अंतर चौपट होते. जोरात ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. पण ‘पुढचा दाबला की गाडी पलटी होते’ या भीतीने अनेक जण मागच्याच ब्रेकवर भिस्त ठेवतात. घाटातल्या वळणावर हीच भीती घात करते. वेग जास्त वाटला की नवशिका वळणातच एक्सलरेटर एकदम सोडतो, मागचा ब्रेक दाबतो आणि नजर कठड्यावर खिळवतो. नजर जिकडे, गाडी तिकडे जाते.

‘गाडी मोठी असली तरी हळूच चालवीन’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मोठ्या गाडीचे टायर आणि ब्रेक अधिक चांगले असतात, १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएसही सक्तीचे आहे. पण एबीएस चाक अडकू देत नाही, चालवणाऱ्याचा अंदाज सुधारत नाही. शिवाय क्लच, गिअर, आरसे, खडी, रिक्षा असे सगळे एकदम सांभाळताना नवशिक्याचे वेगाच्या काट्याकडे लक्षच राहत नाही. जड गाडीची अडचण निराळी. ती रस्त्यावर शांत धावते, पण उतारावर लावताना किंवा गर्दीत वळवताना एका पायावर कलली की सावरता येत नाही.

युरोपात हा विचार कायद्यातच आहे. तिथे पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतच्या गाडीची. पुढचा परवाना ३५ किलोवॉटपर्यंतचा, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीचा. तो मिळून दोन वर्षे झाल्यावर किंवा वयाची चोविशी गाठल्यावरच, परीक्षा देऊन किंवा प्रशिक्षण पूर्ण करून, मोठी गाडी चालवता येते. ३९० ड्यूक या मधल्या पायरीत बसते. भारतात मात्र अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या गाडीचे लायसन्स मिळाले की ताकदीवर कोणतीच मर्यादा नाही. शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओत आठचा आकडा काढणारा मुलगा त्याच लायसन्सवर हजार सीसीची गाडी चालवू शकतो. कायद्याने न घातलेली पायरी घराने घालायला हवी.

पहिली गाडी १०० ते १६० सीसीची आणि साध्या घडणीची असावी, जुनी असली तर उत्तमच. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. तिच्यावर निदान एक वर्ष काढावे आणि त्यात एक पूर्ण पावसाळा असावा, कारण पहिल्या सरीनंतरचा तेलकट, निसरडा रस्ता कोरड्या मैदानावर शिकता येत नाही. वाचलेल्या पैशांतून आयएसआय चिन्हाचे, हनुवटी झाकणारे हेल्मेट, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट घ्यावेत. हेल्मेटचा पट्टा कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही लावावा.