बॉस्टनचं वार्तापत्र : कपभर मैदा म्हणजे नेमका किती?

अमेरिकेत मैद्याच्या पिशवीवर पौंडांशेजारी किलोग्रॅमही छापलेले असतात. कायदाच तसा आहे. पण पिशवी घरी आणून फोडली की वजनाशी संबंध संपला. पुढचा सगळा व्यवहार कपाचा : दीड कप मैदा, पाऊण कप साखर. वजनकाटा नसलेली स्वयंपाकघरं इथे भरपूर.

याचं मूळ बॉस्टनमध्येच आहे. इथल्या कुकिंग स्कूलच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी 1896 साली पाककृतींचं पुस्तक काढलं. तोवर बऱ्याचदा ‘अंड्याएवढं लोणी’, ‘चहाच्या पेल्याने पीठ’ असा मामला असे. बाईंनी ठरावीक मापाचा कप धरला, तो काठोकाठ भरून वर सुरी फिरवायला लावली. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या आवृत्तीचा खर्च त्यांनीच केला. पुढे ते पुस्तक तुफान खपलं. युरोपीय मंडळी अमेरिकन कपाला मागास म्हणतात, ते मला पटत नाही. त्या काळी हेच शास्त्र होतं.

पण कप मोजतो जागा, वजन नव्हे. तो साधारण 237 मिलिलिटरचा. त्यात साखर मावते 200 ग्रॅम, मध 340 आणि मैदा... इथेच घोळ आहे. चमच्याने हलकेच भरून सुरी फिरवली, तर 120 ग्रॅम. तोच कप पिशवीत खुपसून भरला, तर सहज 140-150. तीन कपांच्या केकमध्ये अर्धा-पाऊण कप मैदा फुकटचा जातो आणि केक कोरडा ठणठणीत होतो. भरण्याच्या पद्धतीने वजन बदलतं, म्हणूनच ब्राउन शुगर ‘दाबून भरा’ असं पाककृतीत बजावलेलं असतं. लोण्याची पंचाईत नाही : अर्ध्या कपाची, 113 ग्रॅमची कांडी मिळते, वेष्टनावर चमच्यांच्या रेघा असतात, तिथे कापायचं.

‘रुचिरा’ या आपल्या पाकपुस्तकातली वाटी आपल्याला दगा देत नाही, कारण रवा, साखर, पाणी सगळं एकाच वाटीने घेतलं की प्रमाण जुळतं. इथे अंडी नगावर, लोणी कांडीवर. मग कप कमीजास्त भरून कसं चालेल?

ग्रॅम शोधायला मात्र फार लांब जावं लागत नाही. पाकिटामागच्या पोषणाच्या चौकटीत ‘पाव कप (30 ग्रॅम)’ असं लिहिलेलं असतं. त्याला चाराने गुणा. मोठे आकडे पूर्णांकात आणलेले असतात, तरी घरच्या कामाला पुरतात. मिठाच्या डब्यांवर तर ही चौकट वाचायलाच हवी. पाव चमचा साधं मीठ दीड ग्रॅम भरतं, मॉर्टनचं जाड कोशर मीठ 1.2 आणि डायमंड क्रिस्टलचं अवघं 0.7. चमचा तोच, पण डबा बदलला की आमटी खारट.

हल्लीच्या बेकिंगच्या पुस्तकांत ग्रॅमही दिलेले दिसतात. दिले असतील तर कप बाजूला ठेवा. नसतील तर लेखिकेने मैदा कसा भरायला सांगितलाय, ते आधी वाचा. सुरुवातीच्या पानांत बहुतेक असतंच. बेकिंग सोड्याला मात्र चमचाच बरा. पाव चमचा सोडा जेमतेम एक-दीड ग्रॅम भरतो आणि घरगुती काटा सहसा ग्रॅमाखालचं काही दाखवत नाही.